आकडा खरा असतो, अट लपवलेली असते: प्रोसेसर, ५जीचा वेग आणि फोनच्या अफवा

बार्शीहून एका तरुणाने लांबलचक प्रश्न पाठवला आहे. त्याचा गाभा असा: ‘ताई, मार्केट यार्डाजवळ वडिलांचं कृषी सेवा केंद्र आहे. त्यांच्यासाठी तेरा हजारांच्या आत फोन घ्यायचा आहे. दुकानदाराने दोन दाखवले. पहिला ४जी, आठ कोर, २.३ गिगाहर्ट्झ, ८ जीबी रॅम. दुसरा ५जी, आठ कोर, २.२ गिगाहर्ट्झ, ६ जीबी रॅम, आणि तीन हजारांनी महाग. पहिल्याचे आकडे मोठे असून तो स्वस्त कसा? शिवाय बाजारपेठेत माझ्या फोनवर ५जी दिसतं, तरी संध्याकाळी व्हिडिओ अडकतो. मग ५जीला जास्त पैसे का मोजायचे? आणि व्हॉट्सॲपवर फिरतंय की एक मोठी कंपनी दिवाळीला पाच हजारांत ५जी फोन आणते आहे. थांबू का?’

उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. थांबू नका. दुसरा फोन घ्या, आणि तो ५जीसाठी न घेता त्यातल्या प्रोसेसरसाठी घ्या. सिम कोणतं घालायचं हे मात्र दुकानदाराला विचारू नका. ते वडिलांच्या काउंटरपाशी उभं राहून मोजायचं आहे. कसं, ते शेवटी सांगते.

मी २००५ पासून मोबाईल नेटवर्कच्या रेडिओ विभागात काम करते. सोलापूर, धाराशिव, लातूर, बीड या पट्ट्यात गाडीत लॅपटॉप आणि चार-चार फोन घेऊन रस्ता न् रस्ता मोजत फिरले आहे. आमच्याकडे त्याला ड्राइव्ह टेस्ट म्हणतात. या कामात एक गोष्ट पक्की कळली. जाहिरातीतला आकडा सहसा सरळसरळ खोटा नसतो. कुठल्यातरी एका परिस्थितीत तो खरा ठरलेला असतो, आणि ती परिस्थिती कोणती हे सांगितलेलं नसतं. म्हणून आकडा समोर आला की त्याची अट विचारायची. तुमच्या प्रश्नातल्या एकेका आकड्याची अट मी सांगते.

आधी प्रोसेसर. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पहिल्या फोनच्या खोक्यावर मीडियाटेक हेलिओ जी३५ लिहिलं आहे आणि दुसऱ्याच्या खोक्यावर डायमेन्सिटी ६०२०. दोन्हींत आठ कोर, म्हणजे प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे आठ स्वतंत्र भाग, आहेत, पण जी३५ मधले आठही कोर कॉर्टेक्स-ए५३ जातीचे आहेत. कोरांचे आराखडे बनवणाऱ्या आर्म कंपनीने हा कोर २०१२ मध्ये जाहीर केला होता, कमी वीज खाणारा आणि हलक्या कामांसाठीचा म्हणून. ६०२० मध्ये सहा कोर हलके, ए५५ जातीचे आहेत आणि दोन ए७६ जातीचे. हे दोन कोर संपूर्ण वेगळ्या ताकदीचे आहेत. फोन झरझर चालतो की रखडतो हे या दोघांवर ठरतं.

यातला फरक समजायला रेशन दुकानाची रांग डोळ्यासमोर आणा. एका म्हाताऱ्या बाईंचा अंगठा मशीनवर उमटत नाही. एक दुकानदार असा की जोवर तो अंगठा उमटत नाही तोवर मागचे सगळे ताटकळत उभे. दुसरा म्हणतो, ‘आजी, तुम्ही जरा बाजूला बसा, पुढचे या,’ आणि मधल्या वेळात चौघांचं धान्य मोजून मोकळा होतो. ए५३ आणि ए५५ पहिल्यासारखे आहेत. सूचना ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने ते पुऱ्या करतात, एक अडली की मागच्या थांबतात. ए७६ दुसऱ्यासारखा आहे. मेमरीतून एखादी गोष्ट यायला वेळ लागत असेल तर तेवढ्यात पुढच्या सूचना उरकून घेतो. शिवाय ए५३ एका ठोक्यात फार तर दोन सूचना आत घेतो, ए७६ चार घेतो. गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती अब्ज ठोके, एवढंच. एका ठोक्यात काम किती होतं हे त्या आकड्यात नसतंच. म्हणून २.३ पेक्षा २.२ जास्त वेगवान, हे उलटं वाटलं तरी बरोबर आहे.

आणि आठ कोरांचं काय? ॲप उघडणं, यूपीआयचा पडदा समोर येणं, कॅमेरा सुरू होणं, यांचा मोठा भार एका वेळी एक-दोन कोरांवरच पडतो. बाकीचे त्या क्षणी बसून असतात. २०१५ मधलं उदाहरण बघा. मीडियाटेकने दहा कोरांचा हेलिओ एक्स२० जाहीर केला, आणि त्याच वर्षी ॲपलच्या आयफोन ६एसमध्ये दोनच कोर होते, तेही १.८५ गिगाहर्ट्झचे. त्या दोन कोरांपैकी प्रत्येकाचं काम त्या काळच्या आठ-आठ कोरांच्या अँड्रॉइड फोनांतल्या कोरांपेक्षा जास्त निघत होतं. त्याआधी, २०१३ च्या जानेवारीत सॅमसंगने ‘एक्झिनॉस ५ ऑक्टा’ आणला. नावात ऑक्टा, आत खरोखर आठ कोर, पण एका वेळी चारच चालायचे. चार मोठे चालू असले की चार छोटे बंद, छोटे चालू असले की मोठे बंद. नावात खोटं काही नव्हतं. ‘एका वेळी चार’ एवढे तीन शब्द गाळले होते.

चिप किती बारीक आहे हे सांगतो असं मानतात त्या नॅनोमीटरच्या आकड्याचंही असंच. जी३५ बारा नॅनोमीटरचा, ६०२० सात नॅनोमीटरचा. एवढ्या मोठ्या फरकाला अर्थ आहे. सात वाला कमी तापतो, बॅटरी कमी खातो. पण चार की पाच, सहा की सात असली तुलना करण्यात वेळ घालवू नका. हे आकडे आता चिपमधल्या कुठल्याही एका भागाची मोजलेली लांबी सांगत नाहीत, कारखान्याने आपल्या पद्धतीला दिलेली ती नावं आहेत. २०२१ मध्ये इंटेलने आपल्या दहा नॅनोमीटरच्या एका पद्धतीचं नाव बदलून ‘इंटेल ७’ ठेवलं. २०२१ च्या अखेरीस आलेला, क्वालकॉम या चिप कंपनीचा स्नॅपड्रॅगन ८ जेन १ सॅमसंगच्या चार नॅनोमीटरवर बनला आणि २०२२ मध्ये आलेला ८ प्लस जेन १ टीएसएमसी या दुसऱ्या चिप-कारखान्याच्या चार नॅनोमीटरवर. रचना जवळपास तीच, आकडा तोच, पण दुसऱ्याला वीज स्पष्टपणे कमी लागायची आणि तो तापायचाही कमी.

एक गोष्ट तुमच्या दुसऱ्या फोनबद्दलही सांगायला हवी. डायमेन्सिटी ६०२० हे नाव २०२३ मध्ये आलं, पण चिप २०२० सालची डायमेन्सिटी ७०० आहे. नवं नाव, मोठा आकडा, आतली वस्तू तीच. तसंच डायमेन्सिटी ८१० पुढे ६०८० झाली. जुनी चिप वाईट असते असं नाही, वडिलांच्या कामाला ती पुरेशी आहे. पण ‘नवी पिढी’ म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर ते देऊ नका.

रॅमचा आकडा मात्र मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्यात साधी माणसं हमखास फसतात. पहिल्या फोनच्या खोक्यावर ८ जीबीच्या वर एक बारीक तारा आहे. फोटो मोठा करून बघा: ४ अधिक ४. खरी रॅम चार. उरलेले चार म्हणजे फोनच्या साठवणुकीतला, म्हणजे फोटो-व्हिडिओ ठेवतो त्या जागेतला तुकडा, रॅमसारखा वापरायला काढलेला. खरी रॅम सेकंदाला अनेक जीबी देवाणघेवाण करते. स्वस्त फोनातली ईएमएमसी जातीची साठवणूक सेकंदाला जेमतेम तीनशे एमबीपर्यंत जाते, आणि ती एका वेळी एक तर वाचते किंवा लिहिते, दोन्ही एकदम करत नाही. घरात जागा नाही म्हणून पोती शेजारच्या गावातल्या गोदामात ठेवली, तर गिऱ्हाईक आल्यावर प्रत्येक पोत्यामागे एक फेरी होणार. म्हणून ४ अधिक ४ पेक्षा सरळ ६ बरी. आणि रॅमइतकंच हे विचारा की साठवणूक ईएमएमसी आहे की यूएफएस, म्हणजे त्याहून वेगवान जातीची. दुकानदाराला माहीत नसतं बहुधा. कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलच्या पानावर तळाशी लिहिलेलं असतं. दोन वर्षांनी फोन रखडायला लागतो तेव्हा कारण पुष्कळदा हीच साठवणूक असते आणि दोष प्रोसेसरला दिला जातो.

आता ‘बेंचमार्क’, म्हणजे ॲप चालवून मिळालेले ते लाखांतले गुण. तुमच्या मेहुण्याने दोन्ही फोनांचे गुण पाठवलेत. दोन फोनांत दुपटीचा फरक असेल तर त्याला अर्थ आहे, दहा-पंधरा टक्क्यांचा असेल तर सोडून द्या. या परीक्षेत कॉपी झालेली आहे. २०१३ मध्ये आनंदटेक या संकेतस्थळाने दाखवून दिलं की गॅलेक्सी एस४ मध्ये ठरावीक चाचणीची ॲप उघडली की फोन ती ओळखतो आणि ग्राफिक्सचा भाग ५३२ मेगाहर्ट्झवर पळवतो. इतर खेळांना मात्र ४८० वरच ठेवतो. त्यावरून अमेरिकेत खटला झाला आणि २०१९ मध्ये सॅमसंगने १ कोटी ३४ लाख डॉलरची तडजोड केली. २०१८ मध्ये हुआवेचे फोन अशाच कारणासाठी थ्रीडीमार्क या चाचणीच्या यादीतून काढले गेले. २०२२ मध्ये उलट्या बाजूचा प्रकार उघड झाला. सॅमसंगच्या फोनातली एक सेवा हजारो ॲपना हळू चालवत होती, पण चाचणीच्या ॲपना सोडून देत होती. गीकबेंच या चाचणीवाल्यांनी एस१० पासून एस२२ पर्यंतच्या मुख्य मालिका यादीतून काढून टाकल्या. छोट्या-मोठ्या सगळ्याच कंपन्यांना हा मोह झालेला आहे, म्हणून ब्रँड मोठा आहे एवढ्यावर विसंबू नका.

चाचणी काही मिनिटांची असते आणि वातानुकूलित खोलीत होते, हेही लक्षात घ्या. वडिलांचं दुकान पत्र्याचं असेल तर एप्रिल-मे मध्ये आतला पारा बेचाळीसच्या वर जातो. फोन तापला की स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. दुकानात फोन बघायला जाल तेव्हा दहा मिनिटं कॅमेऱ्यावर व्हिडिओ घेत राहा आणि मग यूपीआय ॲप उघडून बघा. माझ्या मते बेंचमार्कच्या गुणांपेक्षा ही परीक्षा प्रामाणिक आहे.

आता माझ्या घरचा विषय, नेटवर्कचा वेग.

पहिली गोष्ट, एमबीपीएसमधला ‘बी’ म्हणजे बिट. फाइलचा आकार आपण बाइटमध्ये मोजतो आणि एका बाइटात आठ बिट. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा एमबी उतरतात, तेही सगळं सुरळीत असेल तर. जाहिरात बिटमध्ये बोलते कारण आकडा आठपट मोठा दिसतो.

डायमेन्सिटी ७०० ची जाहिरात सेकंदाला २.७७ गिगाबिटची होती (एक गिगाबिट म्हणजे हजार मेगाबिट). २०२१ मध्ये क्वालकॉमने दहा गिगाबिटचा मोडेम, म्हणजे फोनला टॉवरशी जोडणारा भाग, जाहीर केला. हे आकडे मोडेमची कमाल क्षमता सांगतात. टॉवर तेवढं देणार आहे का, हा वेगळा प्रश्न आहे. दहा गिगाबिटचा आकडा मिलीमीटर लहरी धरून काढलेला आहे, म्हणजे भारतात २६ गिगाहर्ट्झचा पट्टा. या लहरी भिंतीनेच काय, हातानेही अडतात, आणि आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक फोनांत त्यांचा अँटेनाच नसतो. आयफोनमध्येही मिलीमीटर लहरींची सोय फक्त अमेरिकेच्या मॉडेलांत देत आले आहेत.

मग भारतात काय मिळतं? २०२२ च्या लहरींच्या (स्पेक्ट्रमच्या) लिलावात जिओ आणि एअरटेलने ३.३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात देशभर प्रत्येकी १०० मेगाहर्ट्झ घेतले. फोनच्या माहितीत या पट्ट्याला एन७८ म्हणतात. शंभर मेगाहर्ट्झमधून एका सेक्टरला, सगळं उत्तम असेल तर, साधारण एक ते दीड गिगाबिट निघतं. टॉवरला बहुधा तीन बाजूंना तीन सेक्टर असतात. हा वेग त्या सेक्टरमधल्या सगळ्यांचा मिळून असतो. तो एकट्या तुमचा नाही. कालव्याला पाणी किती सुटलं यावरून तुमच्या चारीला किती आलं हे कळत नाही, तसंच हे.

काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या सेवेचं उद्घाटन होतं. नाव सांगत नाही. आम्हाला ‘वेग दाखवा’ असं सांगण्यात आलं. मी आणि माझा सहकारी रात्री दोन वाजता टॉवरपासून दीडशे मीटरवर, अँटेना सरळ समोर दिसेल अशा जागी उभे राहिलो. त्या सेक्टरवर आमच्याशिवाय कोणीही नव्हतं. जो आकडा आला तो दुसऱ्या दिवशी शहरभर फलकांवर लागला. आकडा मी स्वतः मोजला होता, तो खरा होता. पण त्या शहरातल्या एकाही माणसाला तो संध्याकाळी आठ वाजता मिळणार नव्हता, आणि हे मला त्या रात्रीच माहीत होतं. मी वरिष्ठांना विचारलं की फलकावर वेळ आणि जागा लिहायची का. लिहिली गेली नाही. ते मला आजही टोचतं, आणि अशी उत्तरं लिहायला मी बसते त्याचं तेही एक कारण आहे.

तुमच्या बाजारपेठेत ५जी दिसूनही व्हिडिओ का अडकतो, याची तीन कारणं असू शकतात. एक, त्या चिन्हाचा अर्थ. एअरटेलने ५जी सुरू केलं ते ४जीच्या आधारावर. फोन आधी ४जीला जोडला जातो आणि गरज लागली की ५जीची जोड मिळते. अशा जाळ्यात ४जीचा टॉवर ‘माझ्याकडे ५जी असू शकतं’ अशी एक खूण हवेत सोडत असतो. बऱ्याच फोनांत ती खूण दिसली की वर ५जी उमटतं, प्रत्यक्षात ५जीचा एकही बिट वाहत नसला तरी. दोन, टॉवरच्या मागची वाट. फोन ते टॉवर हा प्रवास हवेतून होतो, पुढे टॉवर ते मुख्य जाळं हा प्रवास फायबरने किंवा मायक्रोवेव्हच्या तबकडीने. तबकडीची क्षमता काहीशे एमबीपीएस असेल तर अँटेना कितीही नवी असो, तिन्ही सेक्टरांना मिळून तेवढंच मिळणार. तालुक्याच्या गावांत मी हे वारंवार पाहिलं आहे. तीन, जिओकडे ७०० मेगाहर्ट्झचाही पट्टा आहे, एन२८. तो लांब जातो, स्लॅबच्या घरात शिरतो, म्हणून खेड्यात फार उपयोगी आहे. पण तो दहाच मेगाहर्ट्झ रुंद आहे. फोन एकट्या त्या पट्ट्यावर असेल तर चिन्ह ५जीचं आणि वेग चांगल्या ४जीइतका, असं होतं.

म्हणून ५जी फोन घेताना त्यात एन२८ आणि एन७८ दोन्ही आहेत ना ते बघा. आपल्याकडे ५जी सेवा सुरू झाली १ ऑक्टोबर २०२२ ला, पण ५जी फोन विकले जात होते २०२० पासून. त्यातल्या काहींत एकच पट्टा होता. लोकांनी अडीच वर्षं आधी ५जीचे पैसे मोजले आणि सेवा आली तेव्हा कित्येकांना कंपनीच्या अपडेटची वाट बघत बसावं लागलं. आयफोनवाल्यांनाही डिसेंबर २०२२ पर्यंत थांबावं लागलं.

वेग मोजायच्या ॲपबद्दल थोडं. ते ॲप सहसा जवळचा सर्व्हर निवडतं, जो पुष्कळदा कंपनीच्याच जाळ्यात बसवलेला असतो. एकाच वेळी अनेक जोडण्या उघडतं आणि दहा-पंधरा सेकंदांत कमाल मोजतं. तुमचा व्हिडिओ तिथून येत नाही. म्हणून एकदा सकाळी अकराला मोजून खूश होण्यापेक्षा रात्री साडेआठला तीन दिवस मोजा. आणि उतरवण्याच्या (डाउनलोडच्या) वेगाखाली चढवण्याचा (अपलोडचा) वेग लिहिलेला असतो, तो बघा. जाहिरातीत तो कधीच नसतो. वडील पानावरच्या रोगाचे फोटो कंपनीच्या प्रतिनिधीला पाठवत असतील, तर त्यांचं काम त्यावरच अडतं. टॉवर दहा-दहा वॉटच्या पटीत बोलतो, फोन मात्र सहसा २०० मिलिवॉटच्या आसपासच उत्तर देऊ शकतो. त्यामुळे सिग्नल क्षीण झाला की आधी चढवणं बंद पडतं. पडदा भरलेला दिसतो आणि फोटोवरचं चक्र फिरत राहतं. यूपीआयला काही केबी लागतात, काउंटरवरच्या साउंडबॉक्सलाही तेवढेच. तिथे गिगाबिटचा काही संबंध नाही, तिथे सिग्नल न तुटणं महत्त्वाचं.

‘४जी’, ‘५जी’ हे शब्दसुद्धा लवचीक आहेत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००८ मध्ये चौथ्या पिढीसाठी जागेवरच्या वापरात एक गिगाबिटची अट घातली होती. बाजारात आलेलं एलटीई, म्हणजे आज आपण ज्याला ४जी म्हणतो ते, त्यात बसत नव्हतं. डिसेंबर २०१० मध्ये संघानेच म्हटलं की एलटीई आणि सुधारलेल्या ३जीलाही ४जी म्हणता येईल. अमेरिकेत एटी अँड टीने २०१८ च्या अखेरीपासून ४जीच्याच फोनांवर ‘५जी ई’ असं चिन्ह दाखवायला सुरुवात केली. स्पर्धक कंपनी कोर्टात गेली आणि २०२० मध्ये तिथल्या जाहिरात परीक्षण मंडळाने ते थांबवण्याची शिफारस केली. आपल्याकडे २०१५ मध्ये एअरटेलने ‘तुमचं नेटवर्क आमच्याहून वेगवान निघालं तर आयुष्यभराचं बिल आम्ही भरू’ अशी जाहिरात केली होती. ती दिशाभूल करणारी आहे असं जाहिरात मानक परिषदेने म्हटलं. २०१७ मध्ये एअरटेलच्याच ‘अधिकृतरीत्या सर्वात वेगवान’ या दाव्यावरून पुन्हा तोच वाद झाला. त्यातला जिओचा एक आक्षेप मला तंत्रज्ञ म्हणून रास्त वाटला होता. दोन सिमच्या फोनांत चाचणी एका सिमवर होते आणि नोंद दुसऱ्याच्या नावावर पडू शकते, असा तो आक्षेप होता.

आता तुमचा पाच हजारांचा फोन. ही बातमी नवी नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये, नाव न सांगितलेल्या अधिकाऱ्याच्या हवाल्याने, जिओ पाच हजारांखाली ५जी फोन आणणार असं छापून आलं होतं. त्या वेळी देशात ५जी सेवाच नव्हती. पुढे २०२१ मध्ये जिओफोन नेक्स्ट जाहीर झाला, १० सप्टेंबरला, गणेश चतुर्थीला येणार म्हणून. किंमत ३,४९९ असल्याचे संदेश फिरले. चिपच्या तुटवड्यामुळे तो दिवाळीला आला, ६,४९९ रुपयांना, चार कोर आणि २ जीबी रॅमचा, आणि ४जी. त्याहून वाईट प्रकार फेब्रुवारी २०१६ चा, २५१ रुपयांचा ‘फ्रीडम २५१’. दाखवायला आणलेल्या फोनवर दुसऱ्याच कंपनीचं नाव पांढऱ्या शाईने झाकलेलं निघालं. फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनीच्या संचालकाला अटक झाली. टेस्लाचा सूर्यप्रकाशावर चार्ज होणारा फोन तुमच्याही गटात आला असेल. ती एका डिझायनर मंडळींची कल्पनाचित्रं होती, असा फोन कंपनीने कधी जाहीरच केलेला नाही.

अफवांतही प्रत असते. फोनच्या कव्हरवाल्यांकडून फुटलेली आकाराची चित्रं बऱ्याचदा बरोबर निघतात, कारण कव्हराचे साचे आधी बनवावे लागतात. भारतीय मानक ब्युरोच्या यादीत मॉडेलचा क्रमांक दिसला तर फोन येणार एवढं बहुधा खरं, पण तिथे किंमत किंवा तारीख नसते. गीकबेंचच्या यादीत कोणीही बनावट नावाने निकाल चढवू शकतो. आणि किंमत सगळ्यात शेवटी ठरते, त्यामुळे तीन महिने आधी फिरणारी किंमत हा अंदाजच असतो.

अफवा नेहमी पैशांवरच थांबत नाही. २०२१ च्या मे महिन्यात, ५जीच्या चाचणीमुळे कोरोना पसरतो असे संदेश फिरत होते. १० मे ला दूरसंचार विभागाने पत्रक काढलं की असा काही संबंध नाही आणि देशात ५जीची चाचणी अजून कुठे सुरूच झालेली नाही. तरी आमच्या दोन तंत्रज्ञांना एका गावात टॉवरपाशी अडवलं, डिझेल भरू दिलं नाही. टॉवर बंद पडला आणि त्या परिसरातल्या लोकांना रुग्णवाहिकेला फोन लावता येईना. तेव्हापासून घरच्या गटात आलेला फॉरवर्ड मी मुकाट्याने सोडून देत नाही, तिथेच उत्तर देते.

तक्रारीबद्दल एक उपयोगाची गोष्ट. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये नियम काढले. त्यात आहे की जाहिरातीखालची अट दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टाइपात हवी. म्हणजे मराठी वर्तमानपत्रात ‘८ जीबी रॅम’ मोठ्या मराठी अक्षरांत आणि खाली ताऱ्याची अट मुंगीएवढ्या इंग्रजीत, हे नियमाला धरून नाही. अशा जाहिरातीचा तारखेसह फोटो काढून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. दंड दहा लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत होऊ शकतो. मराठी वाचकांनी हे केलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण इंग्रजीतली अट न वाचता आल्यामुळे फसणारा माणूस आपल्याच घरातला असतो.

आता काउंटरपाशी मोजायचं ते. दोन्ही कंपन्यांची चालू सिमं मित्रांकडून आणा. फोनच्या सेटिंगमध्ये ‘फोनबद्दल’ आणि त्यात ‘सिम स्टेटस’ उघडा. तिथे सिग्नलची तीव्रता उणे आकड्यात, डीबीएममध्ये दिसते. वरच्या दांड्यांकडे बघू नका. किती डीबीएमला किती दांड्या हे प्रत्येक फोन कंपनी आपलं आपण ठरवते. उणे ९५ किंवा त्याहून वरचा, म्हणजे उणे ८५, उणे ८०, असा आकडा असेल तर निर्धास्त राहा. उणे ११० च्या पलीकडे गेला तर फोटो अडकणार. वडील जिथे बसतात त्या खुर्चीवर बसून, फोन गल्ल्याजवळ नेहमीच्या जागी ठेवून, संध्याकाळी सात ते नऊमध्ये तीन वेळा बघा. मग मागच्या गोदामातही एकदा बघा. खताच्या पोत्यांच्या थप्पीमागे आकडा दहा-पंधराने सहज पडतो. दोन्ही सिमांचे सगळे आकडे कागदावर लिहून मला पाठवा, शेजारी ४जी होतं की ५जी तेही लिहा. सिमचं त्यावरून सांगते.